कोठ्यातला कारखाना

८ जुलै, मंगळवार

ही वही ज्योत्स्नानं दिली ती यासाठी: दूध कधी, शी कितीदा, झोप किती. तीन रकाने तिनंच पट्टीनं आखले. ती आरोग्यसेविका आहे, रिसोडच्या पलीकडच्या उपकेंद्रात. बाळंतपणाची रजा आणि तिला जोडलेले दोन महिने संपले आणि आज सकाळी स्कूटीवर बसून कामावर गेली. फाटकातून तीनदा मागं वळून पाहिलं, पोरीकडे. माझ्याकडे एकदाच, तेही संशयानं.

रकाने भरले. बाकीचं मागच्या पानावर लिहितो, कारण बाकीचंच जास्त आहे.

खरं तर गार्गीला माय सांभाळणार होती. पण गेल्या गुरुवारी माय गुरांच्या कोठ्यात शेणावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी चाकणच्या कंपनीत सहा वर्षं मशीनवर होतो, कंत्राटी. मे महिन्यात ब्रेक दिला, 'बोलावू' म्हणाले. म्हणजे आमच्या गावात, केनवडात, सध्या दोन्ही हात धड असलेला रिकामा माणूस मीच.

अकरा ते एक गार्गी रडली. गाणं म्हटलं, जास्त रडली. म्हैस दाखवली, म्हैसही ओरडायला लागली. शेवटी वरणासाठी तुरीच्या डाळीचा डबा काढला, तो हातात हलला आणि पोरगी एकदम गप्प. मग हसली, खालचे दोन दात दाखवून! मी पाऊण तास डबा वाजवला.

माय बाजेवरून म्हणाली, "हरी, पोट्टी कवाची उगी झाली. आता तू कवा उगी होतं?"

९ जुलै

खुळखुळा तयार केला! पाण्याची लहान बाटली, आत तुरीचे दाणे, झाकण गच्च, वर लाल दोरा. आठ महिन्यांच्या माणसाला इतकं सुख देता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सहा वर्षांत मी लाखभर पार्ट काढले असतील, एकाही पार्टकडे पाहून कोणी टाळ्या पिटल्या नाहीत.

संध्याकाळी ज्योत्स्ना आली. खुळखुळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, झाकण दातात धरलं आणि ओढलं. टप्! दाणे फरशीवर. गार्गी पोटावर सरकत एका दाण्याकडे निघालीसुद्धा.

"अहो, या वयात पोरगं सगळं जग तोंडानं पाह्यते. हा दाणा घशात गेला असता तं?"

जेवण गेलं नाही. ज्योत्स्ना रागावली नाही, हे जास्त लागलं. झोपताना म्हणाली, "बनवा तुमी. फक्त ध्यानात ठेवा, जे तिच्या तोंडात मावते, ते खेळणं नाई."

११ जुलै

बाटलीचं झाकण चिकटवलं, अख्खी बाटली माझ्या जुन्या मोज्यात घातली आणि मोज्याचं तोंड शिवलं. शिवण अशी, की कोंबडी चालून गेली असावी.

तेवढ्यात बाबा वावरातून आले. बाबा म्हणजे उकंडराव, माझे वडील. दिवसभरात दहा शब्द बोलतात, त्यातले सात ट्रॅक्टरला. उरलेले तीन आज मला मिळाले, वर व्याजही मिळालं.

"सहा वर्सं कंपनीत मशीन चालवली, अन् आता मोजे शिवून राह्यला?"

मी सुईत दोरा ओवत राहिलो.

"हा पसारा घरात नको. कोठ्यात ठेव."

बैलजोडी विकल्यापासून कोठ्याची अर्धी बाजू रिकामीच आहे. एका टोपल्यात मोजे, चिंध्या, कात्री, सगळं तिकडे नेऊन ठेवलं. अपमानही तिकडेच ठेवला. जागा मात्र झकास आहे, उजेड छान येतो.

१३ जुलै, रविवार

चमत्कार! माझी वाकडी शिवण कोणीतरी उसवून मोजा परत शिवला. जाड दोरा, दुहेरी टाका, आणि शेवटी अशी गाठ की नखानं सुटेना, दातानं सुटेना. ज्योत्स्नानं ओढून पाहिलं, पायाखाली धरून ओढलं, मग म्हणाली, "पास."

हे काम शफीकचं. शफीक पिंजारी माझा शाळेपासूनचा दोस्त, स्टँडजवळ गाद्या भरतो. सकाळी मायच्या हाताखाली ठेवायची उशी द्यायला आला होता. मी लगेच फोन केला, "यार, शुक्रिया."

"कायचं शुक्रिया?"

"मोजा शिवला ते."

"अबे मी तं कोठ्याकडे गेलोच नाई. चाय पेली अन् निंगालो."

शफीक पहिल्यापासून असाच. उपकार करतो आणि कबूल होत नाही.

१७ जुलै

कणकेची खेळणी. कणीक तीन ठिकाणी मळली: एकीत हळद, एकीत बिटाचा रस, एकीत पालकाचा. मीठ नाही, रंग दुकानातला नाही. तोंडात गेलं तरी चालेल असं सगळं. गेलंच. गार्गीनं पिवळा हत्ती सोंडेकडून खायला घेतला. मी हिरवी बदकं केली, तिनं ती बुक्कीनं सपाट केली आणि इतकी हसली की उचकी लागली. मग मीही बुक्की मारली. मग मायनं डाव्या हातानं मारली. "मले कायले नाई सांगितलं पयले?" म्हणाली. आम्ही तिघांनी मिळून अकरा बदकं सपाट केली.

दुपारपर्यंत मुंग्यांची वरात आली. शी: लाल. ज्योत्स्ना रकाना वाचून घाबरली, मी 'बीट' असं मोठ्या अक्षरात लिहायचं विसरलो होतो.

२२ जुलै

आज दाढी करायला गेलो, गार्गी छातीशी बांधलेली. ही झोळी मायच्या जुन्या लुगड्याची, छान बसते. सलूनमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मग एकजण म्हणाला, "हरी, बायको कमावते, तू दूध पाजतं. मज्जा हाय लेका."

मी हसलो. हसायचं नव्हतं.

परत येताना हॉटेलसमोर बाबा बसलेले. कोणीतरी विचारत होतं, "पोरगा घरीच दिसते आजकाल?" आणि बाबा म्हणाले, "सुट्टीवर आलाय. कंपनी सोडतच नाई त्याले." मला पाहून त्यांनी मान दुसरीकडे केली.

खरं लिहितो. या दोन आठवड्यांत मी जितका खूश आहे तितका चाकणमध्ये एक दिवस नव्हतो. आणि याचीच लाज वाटते. पुरुषानं मोज्यात रमावं का? वडिलांना खोटं बोलावं लागतंय माझ्यामुळं.

२६ जुलै

लग्नपत्रिका! घरात एक थैली भरून होत्या. सोनेरी, लाल, चमकत्या. कापून पोपट केले, मोर केले, एक बदक झालं ते चुकून. काडीला बांधून पाळण्यावर टांगले. पण काडी एका बाजूला झुकायची, सगळे पक्षी एका कोपऱ्यात गोळा, जशी काही सभा भरली.

दुपारी गार्गीला घेऊन मीही झोपलो. उठलो तर काडीच्या जागी बारीक बांबू, दोन्हीकडे सारखे पक्षी, मध्ये सुतळीची गाठ, आणि वारा आला की सगळे गोल गोल. गार्गी पाय झाडत ओरडत होती.

मी मायला विचारलं, "शफीक येऊन गेला का?"

मायला जोराचा खोकला आला. पदर तोंडाला लावला, बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "मले काय माईत बाप्पा. मी तं डोये मिटून पडली होती."

तिच्या खोकल्याचं ज्योत्स्नाला सांगायला हवं.

३१ जुलै

आधी चूक लिहितो. खोक्याची गाडी करायची म्हणून वावरातलं फवारणीच्या औषधाचं रिकामं खोकं आणलं. ज्योत्स्नानं स्कूटी उभी करायच्या आधीच ओरडून ते बाहेर फेकायला लावलं. तिचं बरोबर. मी आंघोळ केली, गार्गीला आंघोळ, कोठा झाडला.

मग अंगणवाडीच्या निकिताताईंकडून बिस्किटांचं मोठं खोकं मागून आणलं. त्याला कागदी थाळ्यांची चाकं, समोर दोरी. गार्गी आत बसली, मी ओढली. ओसरीतून अंगण, अंगणातून कोठा, कोठ्यातून ओसरी. एसटीसारखी प्रत्येक ठिकाणी थांबवून मी ओरडायचो, "चला, रिसोड, रिसोड!" चौथ्या फेरीला बूड फाटलं आणि रिसोडची प्रवासी अंगणातच उतरली.

निकिताताई खोकं कशाला हवं ते पाहायला आल्या होत्या, बरोबर अंगणवाडीची सहा लेकरं. ती परत जाईनात. कोणी मोज्याची बाहुली बोटात घालून मायशी बोलतंय, कोणी चिंध्यांचा चेंडू म्हशीवर फेकतंय. एवढा गलबला, की वावरातून येणारे बाबा फाटकातच थांबले.

"हे काय चालून राह्यलं?"

"शाळा, आबा," एक पोरगी म्हणाली.

बाबा कोठ्यात गेले. ओरडतील वाटलं. अर्ध्या तासानं बाहेर आले, ट्रॅक्टर पुसला, निघून गेले. सायंकाळी पाहतो तर गाडीला खालून पोत्याचं नवं बूड, दाभणानं शिवलेलं. निकिताताईंच्या हाताला इतकं जाड काम जमतं हे माहीत नव्हतं. उद्या त्यांचे आभार मानायचे.

५ ऑगस्ट

कंपनीचा फोन आला. पंचवीस तारखेला, सोमवारी हजर व्हा. नाही तर नाव कापू.

मायचं प्लास्टर चौदाला निघेल, पण डॉक्टर म्हणतात त्या हातानं दोन महिने वजन उचलायचं नाही. गार्गी आता साडेआठ किलो. मी गेलो तर ज्योत्स्नाला घरी बसावं लागेल. इतक्या लवकर पुन्हा लांब रजा तिला मिळणार नाही.

रात्री आम्ही दोघं हळू आवाजात भांडलो. म्हणजे मी भांडलो, ती मोज्यांच्या घड्या घालत होती.

"तुमाले जायचं हाय का?"

"प्रश्न तो नाही."

"मले तोच प्रश्न वाटते."

"बाबांना काय वाटतं ते तुला माहीत आहे. लोकांना सुट्टी सांगतात. सुट्टी किती दिवस पुरेल?"

ती म्हणाली, "आज चोवीस लेकरायले लस देली मी. दोन बाया म्हणे, बाई, तुमचं लेकरू कोनाजवळ? मी सांगितलं, बापाजवळ. त्यायनं एकमेकीकडे पाह्यलं. मले लई भारी वाटलं हो." आणि मग ती रडली. मीही जवळजवळ.

१० ऑगस्ट

काही ठरलं नाही. हात मात्र थांबत नाहीत. आज जुन्या चादरीची उशी केली, प्रत्येक कोपऱ्याला वेगळं कापड: खरखरीत, मऊ, गुळगुळीत, चुरचुरणारं. गार्गी चाचपत बसली, एखादा व्यापारी कापूस पाहतो तशी.

टोपल्यात बाबांचा चष्मा सापडला, चिंध्यांखाली. गार्गीनं ओढून नेला असणार. ती आता रांगते, पण ओसरीपर्यंतच, आणि कोठा तर तीन पायऱ्या खाली. तरी नेला असेल कसातरी. बाबांना दिला तर त्यांनी झटकन खिशात घातला, विचारलंसुद्धा नाही कुठं होता.

१४ ऑगस्ट

हे नीट लिहायला पाहिजे.

मायचं प्लास्टर काढायला रिसोडला जायचं होतं. निकिताताईंची बैठक, ज्योत्स्ना कामावर. मी बाबांना भीत भीत म्हणालो, "दोन तास गार्गीला..."

"मले जमत नाई ते."

"झोपलेलीच आहे."

"उठली तं?"

"मोजा वाजवा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मोटारसायकलला किक मारली.

दवाखान्यात गर्दी नव्हती, लवकर परत आलो. पोरगी उठू नये म्हणून गाडी फाटकाच्या बरीच आधी बंद केली. घरात सामसूम. पाळणा रिकामा! मी धावत सुटणार, तर मायनं पातळ झालेल्या त्या हातानं माझी बाही धरली. ओठांवर बोट ठेवलं आणि मला कोठ्याच्या कुडाकडे नेलं. फटीतून पाहिलं.

बैलाची जुनी लाल झूल अंथरलेली. वर गार्गी बसलेली, तोंडात स्वतःची मूठ. समोर बाबा मांडी घालून, चष्मा नाकावर, हातात दाभण. मांडीवर कापडाचा बैल, पांढराशुभ्र, बोटभर शिंगांचा, पोट कापसानं टरारलेलं. ते कान शिवत होते आणि बोलत होते. बाबा! बोलत होते!

"हा डावा कान जरासा वाकडाच ठेवतो. आपल्या बादलचा व्हता तसा. बादल म्हंजे सोनं व्हतं माय. नांगराले जुंपला का मांगं पाह्यत नव्हता. अन् हा तुह्या बाप, त्याले शिवता येत नाई. मोज्याले टाके घातले तं गाठी उठल्यासारखे. पण डोस्कं हाय हो. म्या नाई केले कवा तुह्या बापासाठी असे पाखरं. टाईमच नव्हता. काय म्हणतं? गं? हो, गं."

गार्गी म्हणाली, "ग."

"हुशार हाय," बाबा म्हणाले.

मी मायकडे पाहिलं. ती कानात पुटपुटली, "सव्वा महिना झाला, मी पाहून राह्यली. खोकून खोकून घसा गेला माह्या."

मी कुडाला टेकलो. मोजा, बांबू, पोत्याचं बूड! शफीकचे मी किती आभार मानले, निकिताताईंचेसुद्धा; त्या बिचाऱ्या तोंडाकडे पाहत राहिल्या होत्या.

माय म्हणाली, "बोलू नको त्यायले." आम्ही फाटकापर्यंत मागं गेलो आणि मी जोरात हॉर्न वाजवला. दोन मिनिटांनी बाबा ओसरीत आले, गार्गीला हातभर लांब धरून, जसं दुसऱ्याचं भांडं परत द्यायला आले.

"रडून राह्यली व्हती," म्हणाले. "घे."

गार्गी त्यांच्या मिशा सोडेना.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून येताना शफीकला गाठलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "तुह्ये बाबा तीनदा कापूस घेऊन गेले माह्याकडून. मले बोलले, हरीले सांगशीन तं याद राख. मी तुले खरंच सांगून राह्यलो होतो ना बे, मी नाई म्हून! तू ऐकतच नव्हता."

२२ ऑगस्ट, पोळा

गावात बैल कमीच राहिले. आमच्याकडे ट्रॅक्टरला ओवाळलं, मायनं त्याच्या चाकावर पाणी घातलं. बाबा दोनदा कोठ्यात जाऊन आले. बैल अजून कोणालाच दाखवलेला नाही. मी अजून कंपनीला काहीच कळवलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

अजून हसू आवरत नाही, म्हणून अक्षर असं.

यंदा मंडळानं पहिल्यांदाच गावात तान्हा पोळा ठेवला. लहान लेकरांनी आपापले खेळण्यातले बैल सजवून आणायचे. चार वाजता मी गार्गीला टोपी घालत होतो, तेवढ्यात बाबा कोठ्यातून आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. दोरीनं बैल ओढत. खाली पाटी, चार लाकडी चाकं, काठ घासून गुळगुळीत. गळ्यात लोकरीचे गोंडे, एकही तोंडात मावणार नाही एवढे मोठे, अंगावर लाल झूल. त्यांनी बैल माझ्यासमोर ठेवला आणि ट्रॅक्टरकडे बघत म्हणाले, "टोपल्यात सापडला. तूच केला असशीन."

मी म्हणालो, "हो बाबा. मीच."

ज्योत्स्ना आत पळाली. हसायला.

मग त्यांनी गार्गीला खांद्यावर घेतलं. बैलाची दोरी मी धरायची, असं ठरलं. डफडं सुरू झालं. मारुतीपासून शाळेपर्यंत आणि परत, दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत बाबा नाचले! एक पाय पुढं, एक मागं, हात वर, आणि वर गार्गी टोपी ओढत किंचाळतेय. गाव बघत होतं. सलूनमधला तो शहाणासुद्धा.

शाळेच्या मैदानावर निकिताताई माइक घेऊन एकेकाला विचारत होत्या. आमच्यापाशी आल्या. "आजोबा, इतका सुंदर नंदी कोणी बनवला?"

बाबांनी माइक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. तोंडाच्या फार जवळ धरला, शिट्टी वाजली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता खरं सांगतील.

"हिच्या बापानं," ते म्हणाले. जरा थांबले. "लोकं इचारतात, पोरगा घरी काहून दिसते. मी सांगो, सुट्टीवर हाय. खोटं सांगो मी. सुट्टीवर नाई तो. पोरगी सांभाळते. सून गावोगाव लेकरायले लशी देते, अन् हा घरी पोट्टीले खेळवते, हे असं सगळं बनवून. कोनाले काही इचाराचं असन, तं आता मले इचारा."

कोणी काही विचारलं नाही. मग शफीकनं मागून शिट्टी मारली आणि टाळ्या पडल्या. ज्योत्स्ना माझा हात धरून उभी होती, भर मैदानात, सासऱ्यासमोर. मला समोरचं काही दिसेना, सगळं पाण्यात.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं, एक स्टीलचा पेला. पहिलं बक्षीस लाइटवाल्या बैलाला. बाबा घरी येईपर्यंत तणतणत होते, "परीक्षकायले बैलातलं काई समजत नाई. बैलाले कवा लाइट राह्यतात काय?"

घरी आल्या आल्या मी चाकणला फोन करून 'येत नाही' म्हणून सांगितलं. बोलताना आवाज साफ होता. ठेवल्यावर मात्र बोटांवर हिशेब मांडला. चूक केली का? कोण जाणे. ज्योत्स्नाच्या एका पगारावर पाच माणसं, आणि तीन एकर वावर.

चहा पिताना बाबा पेल्यात बघत म्हणाले, "हरी. सोमवारपासून वावर तू पाह्य. फवारणी राह्यली. माह्ये गुडघे आता नाई चालत. उभंच नाई राह्यवत."

साडेआठ किलोची पोरगी खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या, त्यातली एक नाचत, आताच झाली होती. मायला खोकला आला. मी काळजीनं म्हणालो, "मग उद्या डॉक्टरला दाखवू," तर ज्योत्स्नानं मला कोपर मारलं.

"डॉक्टरची गरज नाई," ती बाबांना म्हणाली, अगदी दवाखान्यातल्या आवाजात. "मी सांगते ना. चालणं बंद. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, बसून करायचं काम."

बाबांनी विचार केला. मांडीवरच्या गार्गीची टोपी सरळ केली.

"जेवाची सुट्टी नको," ते म्हणाले. "हिले एकटं वाटीन."